कंपनीचे पाच टक्के, वच्छलाबाईंच्या नावावर

तुमच्या धंद्यात तोटा आला तर तो सगळ्यात आधी कुणी सोसायचा? सोपा प्रश्न आहे, टाळू नका. ज्याचा धंदा त्यानं, असंच म्हणाल ना? मग धरणगावच्या वच्छलाबाईंनी मुंबईच्या एका कंपनीचा तोटा का सोसला, आणि तो सोसायचं कबूल करताना अंगावर शाल, हातात गुच्छ आणि फोटोत हसरा चेहरा कसा काय होता, हे आधी ऐकून घ्या. त्यानंतर बाईला अडाणी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

वच्छलाबाई त्रेपन्न वर्षांच्या. माहेर बोदवडचं, स्टेशनामागच्या वस्तीतलं. लग्न होऊन धरणगावात आल्या तेव्हा नवरा, आधार, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हमाल होता. रुईच्या गाठी ट्रकवर चढवायचं काम. एका दुपारी गाठ कलली आणि आधारभाऊंची कंबर गेली. जिनिंगच्या मालकानं दोन हजार रुपये आणि एक कमरेचा पट्टा पाठवला. त्या दिवसापासून घर बाईंच्या अंगावर आलं. त्याच जिनिंगमध्ये त्या रुईतला कचरा वेचायला जाऊ लागल्या. नाकातोंडात कापूस, संध्याकाळी घरी आलं की खोकल्यातही कापूस.

नऊ वर्षांपूर्वी गल्लीत फायनान्स कंपनीचा माणूस आला. बायकांचा गट करा, कर्ज घ्या, तारण काही नाही, एकमेकींची जबाबदारी घ्या. कंपनीचं नाव इथं कशाला हवं, गल्लीत तिला सगळे नुसतं कंपनीच म्हणतात. पहिल्या कर्जात बाईंनी शेळ्या घेतल्या, दुसऱ्यात घरावर पत्रे टाकले, तिसऱ्यात चक्की आणली. पाच एचपीची मोटार, जुना पण दणकट दगड, अडतीस हजारांना. पुढच्या खोलीत चार बोल्ट ठोकून बसवली. चालू झाली की फळीवरचे पेले वाजायचे.

दळणाऱ्या चक्क्या धरणगावात काही कमी नाहीत. पण कळण्याचं पीठ दळावं तर वच्छलाबाईंनीच. ज्वारीत उडीद किती, मीठ कधी घालायचं, दगड किती दाबायचा, सगळं त्यांच्या हाताला ठाऊक. भाकरी थापताना चिरली तर बाई दळण परत घ्यायच्या, वर दोन शब्द स्वतःलाच सुनवायच्या. आधारभाऊ पट्टा बांधून वजनकाट्याशी बसायचे. चार गल्ल्या पलीकडून बायका डबे घेऊन यायच्या. जन्मभर कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको म्हणून ओळखलेली बाई पहिल्यांदा चक्कीवाली अक्का झाली. मुलगी संघमित्रा त्याच चक्कीवर बारावी झाली, बी.कॉम. झाली, आणि धुळ्याला एका सीएच्या ऑफिसात कामाला लागली. म्हणजे चक्की गेली तर नुसती मोटार आणि दगड जाणार नव्हता, हे ध्यानात घ्या.

कंपनीच्या कामात गटांच्या गटाला सेंटर म्हणतात. या सेंटरमध्ये बावीस बायका आणि केंद्रप्रमुख वच्छलाबाई. एकाआड एक मंगळवारी सकाळी नऊला बुद्धविहाराच्या ओट्यावर मिटिंग. कंपनीचा वसुलीवाला मोटारसायकलवर यायचा. मिसरूड न फुटलेलं पोरगं असलं तरी त्याला सर म्हणायचं. उभं राहून शपथ घ्यायची, आम्ही एकमेकींच्या हप्त्याला जबाबदार राहू. मग पैसे टेबलावर. बावीस जणींचे बावीस हप्ते पूर्ण झाल्याशिवाय कुणी ओट्यावरून उठायचं नाही. कुणाचं पोर तापानं फणफणलेलं असो, कुणाची चूल पेटायची असो.

आता माणूस म्हटल्यावर एखादीला कमी पडणारच. दवाखाना, मयत, पोरीचं बाळंतपण. तेव्हा भर ओट्यावर सरांसमोर एकेकीची अब्रू निघायची. वच्छलाबाईंना ते बघवेना. त्यांनी तोड काढली. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवला. दर मिटिंगला प्रत्येकीनं त्यात दहा रुपये टाकायचे, सर यायच्या आधी. जिला कमी पडलं तिचा हप्ता डब्यातून भरायचा, ती जमेल तसे परत टाकेल. सरांना, कंपनीला, कुणाला काही कळू द्यायचं नाही. आपल्या घरातलं परक्याला कशाला दाखवायचं?

चूक झाली ती इथं. शहाण्या बाईची, मानी बाईची चूक. नऊ वर्षं कंपनीच्या टॅबवर या सेंटरसमोर हिरवी खूण येत राहिली. एक हप्ता उशिरा नाही, एक रुपया बाकी नाही. त्या हिरव्या खुणेमागं किती मंगळवारी डबा रिकामा झाला, हे टॅबला माहीत नव्हतं. बायकांनी आपली नड इतकी नीट झाकली, की ज्या दिवशी खरंच दाखवायची वेळ आली, त्या दिवशी दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात बावीस जणींना नवं कर्ज मिळालं, पंचेचाळीस हजार प्रत्येकी, मुदत दोन वर्षांच्या आतली, पंधरवड्याला अकराशे ऐंशी रुपयांचा हप्ता. ऑगस्टच्या शेवटी शाखेचे मॅनेजर भाईदास सर स्वतः घरी आले. कधी न येणारा माणूस. चक्कीपुढच्या स्टुलावर बसले, पीठ झटकत म्हणाले की तुमचं सेंटर मुंबईच्या गठ्ठ्यात निवडलं गेलंय, जळगावला सत्कार आहे. कसला गठ्ठा ते बाईंनी विचारलं नाही. निवडलं गेलंय एवढंच ऐकलं. गल्लीभर सांगितलं.

जळगावला हॉलमध्ये एकेचाळीस केंद्रप्रमुख बायका होत्या. धरणगावच्या, यावलच्या, बोदवडच्या, पार धुळे जिल्ह्यातल्याही. व्यासपीठावर कंपनीच्या मोठ्या मॅडम. एकेकीचं नाव घेऊन शाल, गुच्छ, टाळ्या, फोटो. आणि व्यासपीठावरून उतरलं की शेजारच्या खोलीत एक टेबल. टेबलावर पाचशेच्या स्टँपवर टाइप केलेला दोन पानी कागद, सगळा इंग्रजीत, फक्त नावापुरती मराठी. सोबत बँकेच्या खात्यातून आपोआप कपातीचा फॉर्म.

बाईंनी विचारलं, हे काय? भाईदास सर म्हणाले, सत्काराची फॉर्मॅलिटी. सेंटरचा हप्ता कमी पडला तर चव्वेचाळीस हजारांपर्यंत केंद्रप्रमुख भरून देईल, इतकंच लिहिलंय. पण तुमच्या सेंटरचा नऊ वर्षांत एक रुपया थकलाय का, वच्छलाअक्का? नाही ना? मग पेन उचलायला भीती कसली?

माणूस हुशार. बाईंच्या मानावर नेमकं कुठं बोट ठेवायचं ते त्याला माहीत होतं. मागं चाळीस बायका रांगेत. एकीनंही मागं पाऊल घेतलं नाही, कारण मागं पाऊल घेणं म्हणजे आपल्या सेंटरवर भरवसा नाही असं म्हणणं. वच्छलाबाईंनी पूर्ण नाव लिहून झोकात सही केली. कागदाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सगळ्यांना मिळाली, शाल आणि नाश्त्याच्या पुड्यासोबत.

घरी आल्यावर आधारभाऊंनी शाल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "शाल दिन्ही त्यास्नी. आते मांगतीन काय?"

बाई चिडल्या. तुम्हाला आयुष्यात कुणी पंचा दिला नाही म्हणून तुमच्या पोटात दुखतंय, असं बोलल्या. शाल आणि फोल्डर ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

जानेवारीत गावातल्या दोन जिनिंगा हंगामाच्या मध्यावर बंद झाल्या. मालकांनी यंत्रं मध्य प्रदेशात हलवली, तिकडे म्हणे परवडतं. सेंटरमधल्या अकरा बायका त्या जिनिंगांमध्ये होत्या. ठेकेदारानं एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. तानुबाई त्यातलीच. वच्छलाबाईंच्या शेजारची, एकत्र कचरा वेचलेली, जिवाभावाची. फेब्रुवारीच्या पहिल्या मिटिंगच्या आधी ती चक्कीवर आली, दळण नव्हतं, नुसती दाराशी उभी.

"अक्का, जिनिंग बंद व्हयनी. आते मी काय भरू?"

"आज डबामाईन भर," बाई म्हणाल्या. "पुढे देखूत."

त्या मंगळवारी डब्यातून भरलं. उरलं ते पाच जणींनी वाटून घातलं. टॅबवर हिरवी खूण. पुढच्या मिटिंगच्या आधी बाई आणि तानुबाई शाखेत गेल्या. दोन महिने सवलत द्या, बायका दुसरं काम शोधताहेत, मग भरतील, व्याजासकट भरतील. मागणी काही मोठी नव्हती. भाईदास सरांनी संगणक त्यांच्याकडे फिरवला. म्हणाले, कर्ज आता आमचं राहिलेलं नाही, ते ट्रस्टला विकलंय, आम्ही फक्त वसूल करून पुढं पाठवतो, सवलत द्यायचा अधिकार आमचा नाही. आणि वर, तुमच्या सेंटरला तर कधी थकबाकीच नाही. इथं सगळं हिरवं दिसतंय. अडचण आहे असं कशावरून लिहू?

ट्रस्ट कुठं बसतो, असं तानुबाईनं विचारलं. सर हसले. ट्रस्ट बसत नसतो, म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मिटिंगला सहा बायका कोऱ्या हातानं आल्या. ओट्यावर बारा वाजेपर्यंत बसून राहिल्या. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. वसुलीवाल्या सरांनी टॅब बंद केला आणि निघून गेले. बाईंना वाटलं, चला, एकदाचं खरं दिसलं तरी. तिसऱ्या दिवशी मोबाइल वाजला. खात्यातून सात हजार ऐंशी रुपये कमी. सहा जणींचे सहा हप्ते, नेमके.

टॅबवर पुन्हा हिरवी खूण.

पहिल्या दोन कपाती खात्यातून गेल्या, दळणाच्या कमाईतून. तिसरीला कानातले गेले. बाईंनी तेव्हाही हा प्रकार सेंटरमध्ये कुणाला सांगितला नाही. सांगितलं असतं तर सहा जणी मेल्याहून मेल्या झाल्या असत्या. बायकांना वाटत होतं सरांनी सांभाळून घेतलं. तानुबाई तर सरांना दुवा देत होती. इकडे बाईंच्या चक्कीचा पट्टा तुटला, तर बदलायला पैसे नाहीत, शिवून चालवला.

एप्रिलमध्ये खात्यात काही नव्हतं. भाईदास सरांचा फोन आला. कपात परत गेली तर केस होईल, अक्का. तुमचं नाव खराब होईल आणि बावीस जणींचं सिबिल खराब होईल, पुढं कुणाच्या दारात कर्ज मिळणार नाही. बघा, एवढ्या वर्षांचं रेकॉर्ड आहे.

बोदवडचा जीवराम, बाईंच्या माहेरचा, लांबचा भाऊ. जुन्या चक्क्या घेऊन दुरुस्त करून विकतो. तो टेम्पो घेऊन आला. तेवीस हजार म्हणाला. पोराला बोल्ट सोडायला सांगत होता, तर आधारभाऊ पट्टा आवळून उठले आणि पाना हातात घेतला.

"मी उखाडस. दुसराना हात नको."

चार बोल्ट सोडायला पाऊण तास लागला. जीवराम तेवढा वेळ टेम्पोला टेकून थांबला, माणूस आहे तो. टेम्पोत चक्की चढल्यावर बहिणीला म्हणाला, "दिवाळीलोंग ठेवी देस. पैसा आन आन् चक्की ली जा, वच्छी. त्याच भावमा."

तेवीस हजार पुढच्या चार कपातींत गेले. शेवटची पंधराशे वीस रुपयांची, म्हणजे बरोबर चव्वेचाळीस हजार पूर्ण. सवयीनं डबे घेऊन आलेल्या बायका दारातून आत पाहायच्या, फरशीतली चार भोकं पाहायच्या, आणि डबा घेऊन वळायच्या. तानुबाईला तेव्हा कळलं. ती आठ दिवस गल्लीतल्या नळावर आली नाही. रात्रपाळीच्या केळी भरायच्या ट्रकवर कामाला लागली, त्या कमाईतून दोनशे, तीनशे असे आणून वच्छलाबाईंच्या फळीवर ठेवू लागली. बाई ते परत तिच्या पदरात घालायच्या. यावरून दोघींची कडाक्याची भांडणं झाली.

मेच्या शेवटी भाईदास सर पुन्हा आले. या वेळी बसायला स्टूल होतं, चक्की नव्हती. पिशवीतून नवा स्टँप काढला. जुन्या कागदाची मर्यादा संपली, नवा करा, सत्तावीस हजारांचा, नाहीतर सेंटर बंद करावं लागेल. बाई म्हणाल्या, पोर रविवारी येणार आहे, तिला वाचू द्या. सरांना घाई होती, पण बाईंनी कागद हातातून घेतला तो परत दिला नाही.

संघमित्रा रविवारी धुळ्याहून आली. तिला आईनं तोवर चक्कीचंसुद्धा सांगितलेलं नव्हतं, फोनवर, दगड टाकी लावून खरखरीत करायला गेलाय, म्हणायची. पोरीनं फरशी पाहिली आणि आईवर इतकी ओरडली की शेजारी गोळा झाले. मग शांत झाली, दोन्ही कागद पुढ्यात घेतले आणि तिला आकडा खुपला. चव्वेचाळीस हजारच का? पन्नास का नाही, चाळीस का नाही? सीएच्या ऑफिसात बसणारी पोर. तिनं आईकडून पासबुकं मागवली, बावीस जणींची. पहिल्या कागदाच्या दिवशी सगळ्यांची मिळून बाकी आठ लाख ऐंशी हजार. दुसऱ्या कागदाच्या दिवशी पाच लाख चाळीस हजार. दोन्हीचे पाच टक्के काढा. चव्वेचाळीस हजार. सत्तावीस हजार. पै इकडं नाही, तिकडं नाही.

पाचच का, हे तिनं पुढच्या आठवड्यात शोधलं, साहेबांच्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत. कंपनीनं हजारो बायकांची कर्जं एकत्र बांधली, तो गठ्ठा. गठ्ठा ट्रस्टला विकला, ट्रस्टनं त्यावर कागद काढले, ते बँकांनी विकत घेतले. कंपनीला रोख पैसा मिळाला, पुन्हा नव्या गल्लीत वाटायला मोकळी. यात बेकायदेशीर काही नाही. पण रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की दोन वर्षांच्या आतल्या कर्जांचा गठ्ठा विकणाऱ्यानं शंभरातले निदान पाच स्वतःच्या अंगावर ठेवायचे. या गठ्ठ्यात ते पाच पहिल्या तोट्याचे होते. बुडालं तर आधी कंपनीचे पाच बुडणार, मग बाकीच्यांचे. आणि हा भार दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं नाही. या गठ्ठ्याबद्दल नेटवर जो कागद होता त्यात कंपनीनं तसंच लिहून दिलेलं. पहिला तोटा आम्ही सोसू. गठ्ठ्यातलं एकही कर्ज थकलेलं नाही.

आईला तिनं चक्कीवरून समजावलं. समज, तू शंभर किलो पीठ दळून पोतं बांधलंस आणि दुकानदाराला विकलंस. त्यानं आत हात घालून पाहिलं नाही, तुझ्यावर भरवसा ठेवला. म्हणून सरकार म्हणतं, त्यातलं पाच किलो तू घे, आणि खडे निघाले तर ते आधी तुझ्या भाकरीत. म्हणजे तू धान्य निवडून दळशील. म्हणजे तुला पुढंही काळजी राहील.

बाईंनी नीट ऐकलं. दळणाऱ्या बाईला हा नियम समजायला दोन मिनिटं लागली, जो भल्याभल्यांना समजत नाही. मग विचारलं, कंपनीनं आपल्या त्या पाच किलोचं काय केलं?

ते तुझ्या घरी आणून ठेवले, पोर म्हणाली.

आता कळलं, सवलत मागायला गेल्यावर कुणाच्या कपाळावर आठी का पडली नाही ते? ज्यानं कर्ज वाटलं त्याचं काही बुडणार नव्हतं. ज्यानं गठ्ठा घेतला त्याला वाटत होतं, वाटणाऱ्याचं बुडेल म्हणून तो लक्ष ठेवेल. मधल्या मधे एकेचाळीस बायका, शाल पांघरलेल्या. त्यांच्याच सहीवर कंपनी मुंबईत छाती पुढं काढून सांगत होती, आमचा पैसा यात अडकलाय.

जूनमध्ये मायलेकी जळगावच्या मोठ्या ऑफिसात गेल्या. तीन तास बाकड्यावर बसवल्यावर मॅडमनी आत बोलावलं. त्याच मॅडम, शाल घालणाऱ्या. ओळखलं नाही. पाणी मागवलं, म्हणाल्या, "आजी, बसा ना."

"आजी कसाले? तुम्हना अर्जवर मनं वय त्रेपन लिखेल शे."

मॅडम हसल्या. बाई हसल्या नाहीत. कागद टेबलावर ठेवला.

"माले एकच सांगा. तुम्हना पाच टक्का कोना खिसामा शेतस?"

मॅडमनी संघमित्राकडे पाहिलं. "काय म्हणताहेत या?"

"तुम्हाला कळलंय," पोर म्हणाली.

मग मॅडमनी कागद उचलला, वाचला, आणि आवाज बदलला. कंपनीचे पाच टक्के कंपनीकडेच आहेत, दर तीन महिन्यांनी हिशोब जातो, त्यातला एक रुपयाही कमी झालेला नाही, असं ठणकावून सांगितलं.

"तेच विचारतोय आम्ही," संघमित्रा म्हणाली. "जिनिंगा बंद, सहा जणींचे हप्ते बंद. मग तुमचा रुपया कमी का झाला नाही?"

मॅडमनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, असा कागद कंपनी करतच नाही, हे भाईदासचं वैयक्तिक काम दिसतंय, त्यानं एकतीस मेला राजीनामा दिलाय, तुम्ही त्याच्याकडे मागा. सत्काराचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, यात शाल दिसतेय, कागद कुठं दिसतोय?

दिसत नाही. खरंच दिसत नाही. फोटोवाल्याला शेजारच्या खोलीत कुणी बोलावलंच नव्हतं.

रिझर्व्ह बँकेकडे लेखी तक्रार केली. कंपनीचं लेखी उत्तर आलं, तेच. एका शाखेतल्या एका माणसाचा गैरप्रकार, कंपनीचा संबंध नाही, दोन्ही कागद एकाच शाखेचे आहेत. संघमित्राच्या साहेबांनी चष्मा काढून सांगितलं, की एक शाखा म्हणजे भाईदास, दोन शाखा म्हणजे कंपनी. दुसऱ्या शाखेचा एक कागद आणा, चित्र फिरेल. तो मिळाला तर चव्वेचाळीस हजार परत मागायला जोर येईल, चक्की परत येईल.

बाई यावलची एसटी धरून धुरपदाबाईंकडे गेल्या. सत्काराला शेजारी उभी असलेली, फोटोत खांद्याला खांदा लावून हसणारी. तिच्या सेंटरमधल्या बायका केळीच्या बागांत कामाला जातात. धुरपदाबाईंनी चहा केला, शाल आठवली, मॅडमची साडी आठवली. कागदाचं नाव काढल्यावर तिनं आधी दार लोटून घेतलं. मग फोल्डर काढलं, दाखवलं. तोच स्टँप, तोच मजकूर, फक्त आकडा वेगळा, एकेचाळीस हजार. वच्छलाबाईंनी हात पुढं केला तर तिनं फोल्डर छातीशी धरलं.

"माह्या सेंटरात एक हप्ता चुकत नाही, बाई," ती म्हणाली. "तुह्या बाया नीट नव्हत्या, त्याला मी काय करू? माहं नाव कशाला कोर्टात?"

वच्छलाबाईंना राग आला नाही. त्या फळीकडे पाहत होत्या. तिथं प्लॅस्टिकचा एक डबा होता, झाकणाला नाणी टाकायला भोक पाडलेलं.

"त्यामा कितला शेतस?" त्यांनी विचारलं.

धुरपदाबाईंनी चहाचे कप उचलून मोरीत नेले. परत आली तेव्हा म्हणाली, विचार करून सांगते. दोन महिने झाले, अजून विचार चाललाय.

यातला कडू घोट कंपनीचा नाही, तिचं काम ती करतेच. कडू हे आहे की चाळीस बायकांकडे कागद आहे आणि निरोप धाडला त्या साऱ्या जणी वच्छलाबाईंकडे बोट दाखवून आपलं सेंटर किती भक्कम ते सांगताहेत. ज्या भरवशावर त्या बोलतात त्याच भरवशावर वच्छलाबाईंनी सही केली होती. केळीचा भाव एकदा पडू द्या, एक गारपीट होऊ द्या.

वच्छलाबाई आता दुसऱ्याच्या चक्कीवर रोजानं बसतात. सेंटर कंपनीनं बंद केलं, पण बावीस बायका दर मंगळवारी ओट्यावर येतातच, शपथ न घेता. पैसे कंपनीच्या खात्यात थेट भरतात, जिला जमेल तसे. तक्रारीवर निकाल नाही. जीवरामनं चक्कीवर ताडपत्री घातलीय. दिवाळी दोन महिन्यांवर आहे.

तेव्हा आता तुम्हाला सांगायचं ते. तुमची आई, मावशी, शेजारीण कुठल्या सेंटरची प्रमुख असेल, तर तिची ट्रंक उघडायला लावा. सत्काराच्या फोल्डरमध्ये पाचशेच्या स्टँपवर इंग्रजीत कागद असेल. आकडा पाहा, सही झाली त्या दिवशीच्या सेंटरच्या कर्जबाकीचे पाच टक्के भरतात का ते काढा. भरले, तर त्याची झेरॉक्स घेऊन कुठल्याही मंगळवारी सकाळी नऊला धरणगावच्या विहाराच्या ओट्यावर या. नाव खोडून आणा, चालेल, शाखेचं नाव तेवढं ठेवा. तुमचं सेंटर भक्कम असेल तरी या, भक्कम आहे तोवरच या.

एक कागद पुरे आहे. तो तुमच्या घरात असेल तर घेऊन या.